मृगाजिन कडक, मग हरणाच्या कातड्याचा सदरा मऊ कसा?

एखाद्या जुन्या घरात तुम्ही मृगाजिन पाहिले असेल. ते पावसात भिजून वाळले, तर पत्र्यासारखे कडक होते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी मात्र हरणाच्या कातड्याचे सदरे व विजारी वापरत, आणि ते कपडे भिजून वाळले तरी मऊच राहत. असे का?

कातडे म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. रंगाचा ओला कुंचला आठवा. पाण्यातून काढताच त्याचे केस एकमेकांना चिकटतात. हा पृष्ठताणाचा प्रताप. ओले कातडे वाळतानाही तंतू असेच जवळ ओढले जातात, आणि एकदा भिडले की त्यांच्यात बंध तयार होऊन ते घट्ट बसतात. कातडे ‘कमावणे’ म्हणजे हे तंतू सुटे राखणे आणि ते कुजू न देणे.

ते लोक कातड्याला प्राण्याचा मेंदू चोळत. त्यातील स्निग्ध पदार्थ तंतूंमध्ये शिरत. मग कातडे ओढून ताणून वाळवत व धुरी देत. धुरातील अल्डिहाइडे तंतूंना पक्के करतात. खरी करामत या धुरीची! हरणाच्या कातड्याची वीण मुळातच सैल, म्हणून त्याचा कपडा अंगाला सुखावह होतो.

(मृगाजिन बहुधा काळविटाचे असते, आणि काळवीट हे हरीण नव्हे. हरणाची शिंगे गळून पुन्हा येतात, काळविटाची नाही.)

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे या प्राण्यांची शिकार बंद आहे. न्यूझीलंडमध्ये पाळीव हरणांचे चामडे मिळते.

आपण प्रयोगासाठी साधे चामडे घेऊ. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू होण्यापूर्वी तो वांद्र्यात होता, आणि जवळच धारावीत कातडी कमावली जात. आजही वांद्र्याहून मिठी नदी ओलांडली की धारावीत चामड्याच्या वस्तूंची दुकाने लागतात. तेथून जाकिटाच्या चामड्याची कातरण आणा. दुसरा तुकडा जुन्या कोल्हापुरी चपलेचा घ्या. ते चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात, तर जाकिटाचे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी.

दोन्ही तुकड्यांची बाह्यरेषा कागदावर काढा. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली ते उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून चिमट्याने बाहेर काढा. भांडे स्वयंपाकाचे नको. कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते, सालीने कमावलेले साधारण ७० ते ८५ अंशांना. क्रोमचे चांगले चामडे १०० अंशांनाही टिकते. आता तुकडे पुन्हा रेषेवर ठेवून पाहा. चपलेचा तुकडा किती आखडला, ते मोजा.