शेजारी जायला सिंगापूरमार्गे कशाला?

मी पडले कॉन्व्हेंटवाली, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहते. आमच्या इथल्या केबलवाल्या दादाने सुट्टीत मला गाठलं. "तू इंजिनिअरिंगला ना? मग सांग, नेट कुणाकडून घेऊ?" त्याच्याकडे आयएसपीचं लायसन्स आहे, तो घाऊक बँडविड्थ घेऊन घरोघरी देतो. रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकायचे आणि गिऱ्हाइकं सुटायला लागली होती.

रस्ते तीन. ट्रान्झिट म्हणजे मोठ्या कंपनीला पैसे द्यायचे, ती सगळ्या जगाशी जोडून देते. पिअरिंग म्हणजे दोन नेटवर्कनी थेट केबल जोडून फक्त आपापल्या गिऱ्हाइकांचा डेटा द्यायचा-घ्यायचा, बहुधा फुकट. आणि एक्सचेंज म्हणजे आपलं ससून डॉक समजा, एकाच जागी सगळे भेटतात. आपल्याकडे निक्सी २००३ साली स्थापन झालं. त्याआधी मुंबईतला मेल मुंबईतच पोचायला कित्येकदा परदेशी फिरून यायचा!

दादा नुसता दर बघत होता. खरी गोम बिलात आहे. ट्रान्झिटचं बिल बरेचदा ९५ पर्सेंटाइलवर निघतं. दर पाच मिनिटांनी मोजणी, म्हणजे ३० दिवसांत ८,६४० आकडे. त्यातले सगळ्यात मोठे ४३२ सोडून द्यायचे आणि पुढच्या आकड्यावर बिल. हे ४३२ म्हणजे झाले ३६ तास. दादाची गर्दी रोज दोन तास, महिन्याचे ६०. म्हणजे बाकीचे २२ तास लाइन रिकामी असली तरी बिल गर्दीचंच!

मग आम्ही रात्रीचा डेटा येतो कुठून ते तपासलं. बराचसा दोन-तीन व्हिडिओ कंपन्यांचा निघाला. अशा कंपन्या मुंबईतल्या एक्सचेंजवर सहसा असतात. तेवढा डेटा तिथून घेतला की ट्रान्झिटचा आकडा उतरतो. पण पोर्टचं आणि तिथवरच्या फायबरचं भाडं वाचणाऱ्या पैशांपेक्षा कमी हवं, शिवाय स्वतःचा एएस नंबर लागतो. अगदी छोट्याला हे परवडत नाही. दादाचं गणित जेमतेम जुळलं.

बाकी जगासाठी ट्रान्झिट लागतंच, तेही दोघांकडून. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या आणि इथे भारतात नेट रडायला लागलं. वाट एकच असेल तर दोन केबल असून काय फायदा?

"माझ्याकडे दोन कंपन्या आहेत की," दादा म्हणाला. मी विचारलं, दोघांची फायबर येते कुठून? त्याने फोन लावले. दोन्ही एकाच फुटपाथखालच्या एकाच पाइपातून येत होत्या.