पोटात बाळ असताना नवरा-बायकोनं जवळ यावं का?

बाळंतपणाच्या वॉर्डात मी अनेक वर्षं नर्स होते. तिथं एक प्रश्न कधीच मोठ्यानं विचारला गेला नाही. सासूबाई औषधं आणायला खाली गेल्या, की बाया हळूच विचारायच्या, "सिस्टर, आम्ही जवळ आलो तर चालतं का हो?"

एकदा सातव्या महिन्यातली एक ताई आली. दोन दिवस अंगावरून रक्त जात होतं. संबंधानंतर सुरू झालं, म्हणून लाजेनं घरात कुणाला सांगितलं नाही. सोनोग्राफी केली तर वार गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली. ताई आणि बाळ वाचले, पण थोडक्यात. अशा वेळी संबंध टाळायचे असतात, हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज स्पष्ट लिहिते.

बाळाला लागतं का?

तब्येत ठीक असेल तर नाही. बाळ गर्भजलाच्या पिशवीत असतं. भोवती गर्भपिशवीचा जाड स्नायू असतो आणि तिच्या तोंडाशी चिकट बोळा असतो. संबंधाच्या वेळी बाळाला धक्का बसत नाही. नंतर पोट थोडा वेळ कडक होतं आणि आपोआप सैल पडतं. "सातवा लागला की बंद" असा सरसकट नियम डॉक्टरी शास्त्रात नाही. पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपातही बऱ्याचदा गर्भाच्या वाढीतच दोष असल्यानं होतात. त्यासाठी सुनेला बोल लावू नका.

पोट वाढलं की त्यावर भार येऊ देऊ नका. कुशीवर झोपणं सोयीचं पडतं. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं झोपू नये, चक्कर येऊ शकते.

कधी थांबायचं?

- अंगावरून रक्त जात असेल
- वार खाली आहे असं सोनोग्राफीत आलं असेल
- पाणी गेलं असेल
- दिवस भरण्याआधी कळा येत असतील, किंवा मागचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल
- पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, किंवा तोंड आखूड आहे असं सांगितलं असेल

यातलं काही असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय संबंध नकोत. रक्त किंवा पाणी गेलं, पोटात सारखं दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. संबंधानंतर झालं असेल तर तसंही सांगा, आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

दोघांपैकी कुणालाही खाली फोड, जळजळ किंवा घाण वासाचं पाणी असेल, तर दोघांनी तपासून घ्या. तोवर संबंध टाळा. एचआयव्ही आणि गरमीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. वेळेत उपचार घेतले तर बाळाला होणारी लागण टाळता येते.

तिचं मन नसेल तर?

भावांनो, हे तुमच्यासाठी. उलट्या, थकवा, कंबरदुखी यात बाईची इच्छा कमी-जास्त होते. ती नको म्हणाली की विषय संपला. जबरदस्ती हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार लैंगिक छळ ठरतो. एका खोलीच्या घरातही जवळीक ठेवता येते. तिचे पाय चेपा, पाणी भरा, तिच्याशी बोला.

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे थांबा. जखम भरू द्या, रक्त जायचं थांबू द्या. पाळी आली नाही तरी दिवस जाऊ शकतात, म्हणून निरोध किंवा तांबीचं आधीच विचारून ठेवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची मोफत तपासणी असते. जोडीनं जा आणि दोन प्रश्न नक्की विचारा: "वार कुठं आहे? आम्हाला संबंध चालतील का?" तोंडानं विचारवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून आशाताईच्या हातात द्या.