निळा दुवा, चुकीची नदी



येलदरी धरणावर तू विकिपीडियासाठी लिहिलेला मजकूर वाचला. माहिती नेमकी आहे, पण त्यात दुवा एकही नाही. म्हणून दुवे कसे द्यायचे ते सांगतो.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हा इंग्रजी शब्द जागा न सोडता जोडले आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे ठेवले की दुवा आपोआप तयार होई. २००१ मध्ये निघालेल्या विकिपीडियानेही आधी हीच रीत उचलली. पण माणसांची, गावांची नावे अशी चिकटवून लिहिणे अडचणीचे होते, म्हणून लवकरच दुहेरी चौकटी कंस आले. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीतच. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे काम या कंसांमुळेच सोपे झाले.

[[परभणी]] असे लिहिले की दुवा तयार. ‘परभणीत’ हवे असेल तर [[परभणी]]त. मात्र मराठी नामे प्रत्यय लागताच रूप बदलतात आणि नवखा संपादक तिथे अडखळतो. [[पूर्णेवर]] असे लिहिले तर त्या नावाचे पान नसल्याने दुवा लाल उमटतो. अशा वेळी मधे उभी रेघ द्यावी: [[पूर्णा नदी|पूर्णेवर]]. रेघेच्या डावीकडे पानाचे नाव, उजवीकडे वाचकाला दिसणारा शब्द.

पण कोणती पूर्णा?

एक पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा असा प्रवास करून चांगदेवजवळ तापीला मिळते. दुसरी मराठवाड्यातली, गोदावरीची उपनदी. येलदरी धरण तिच्यावर आहे. तिसरी गुजरातेत नवसारीकडून समुद्राला जाते. शिवाय परभणी जिल्ह्यात पूर्णा नावाचे गावही आहे. पान नसले तर लाल रंग लगेच सांगतो. चुकीच्या पूर्णेकडे गेलेला दुवा मात्र निळाच दिसतो, आणि धरण मराठवाड्यातून थेट विदर्भात जाऊन बसते. म्हणून जतन करण्याआधी झलक पाहावी आणि प्रत्येक दुवा उघडून समोरचे पान वाचावे.

दुव्यांची खैरातही नको. तुझ्या मजकुरातल्या जिंतूर, गोदावरी, जलविद्युत यांना पहिल्या उल्लेखापाशी एकेकदा दुवा पुरे. ‘पाणी’ आणि ‘शेतकरी’ मोकळे सोडावेत. ज्या विषयावर खरोखर लेख व्हायला हवा, त्याचा लाल दुवा खुशाल ठेवावा. तो पाहून दुसरा कोणी ते पान लिहायला घेतो. बाहेरच्या संकेतस्थळासाठी एकेरी चौकटी कंस, आत आधी पत्ता, मग जागा सोडून शीर्षक.

सराव विकिपीडियाच्या ‘धूळपाटी’ या पानावर कर. लेख जतन झाला की पूर्णेच्या पानावर ‘येथे काय जोडले आहे’ उघड. तिथे त्या पानाकडे दुवा देणाऱ्या पानांची यादी दिसेल. त्यात भलत्या पूर्णेचे एखादे पान आढळले, तर तोही दुवा दुरुस्त कर आणि संपादनाच्या सारांशात कारण लिही.

तुझा,
मामा