यंत्रमाग कामगारांचे कान आणि छाती

ठाणे आणि कल्याण यांच्याजवळ वसलेले भिवंडी हे देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग वाढवला. 1930 च्या दशकापासून यंत्रमाग येऊ लागले आणि मागाबरोबर दुखणीही बदलली. खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, बसणाऱ्याची पाठ आणि गुडघे धरतात; ते दुखणे लगेच जाणवते. यंत्रमागावर नुकसान होते ते कानाचे आणि छातीचे, आणि ते वेदनेशिवाय होत असल्याने उशिरा कळते.

धोट्याच्या यंत्रमागांच्या खात्यात (मागांच्या शेडमध्ये) आवाज बहुधा 95 ते 100 डेसिबलच्या घरात असतो. 8 तासांच्या कामासाठी आपल्याकडील मर्यादा 90 डेसिबलची. त्यापुढे दर 5 डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो : 95 ला 4 तास, 100 ला 2. भिवंडीत पाळी मात्र सर्रास 12 तासांची. श्रवणशक्तीचा ऱ्हास सुरू होतो 4,000 हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे समोरासमोरचे बोलणे बराच काळ ठीक ऐकू येते. पाळी सुटल्यावर कानात गुणगुणणे, घरच्यांना टीव्हीचा आवाज मोठा वाटणे, लहान मुलांचे बोलणे न उमगणे या पहिल्या खुणा. ‘आता आवाजाची सवय झाली’ असे जुने कामगार म्हणतात, ते अनेकदा बहिरेपणच असते. आतल्या कानाच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा तयार होत नाहीत. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. फोमचे इअरप्लग स्वच्छ हाताने नीट बसवावेत आणि पाळी संपेपर्यंत काढू नयेत. कामाला लागतानाच ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करावी व ती दरवर्षी करत राहावी.

सुती धुळीने बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत बरे वाटते, हे त्याचे खास लक्षण. याच टप्प्यावर धुळीपासून दूर झाल्यास श्वास पूर्ववत होऊ शकतो. नंतर फुप्फुसाचे नुकसान कायमचे राहते. विडी-सिगारेटने ते वाढते. तोंडाला बांधलेला गमछा बारीक धूळ अडवत नाही, त्यासाठी एन-95 मास्क लागतो. माग हवेच्या फवाऱ्याने झाडल्यास धूळ खातेभर पसरते. ती खेचून घेणारे यंत्र बरे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिल्यास क्षयाची तपासणी करावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या आणि बिस्सीत (कामगारांच्या खानावळीत) एकत्र जेवणाऱ्या कामगारांनी तर ती टाळूच नये.

धुळीमुळे होणारा बिसिनोसिस आणि आवाजामुळे येणारे बहिरेपण हे दोन्ही कर्मचारी राज्य विमा योजनेच्या यादीतील व्यवसायजन्य आजार आहेत. योजना 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आणि दरमहा 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू होते. छोटी खाती यातून सुटतात. जेथे ती लागू आहे तेथेही, कापडाच्या मापावर रोखीने मिळणाऱ्या मजुरीची नोंद नसेल, तर त्या खात्यात काम केल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून हजेरीकार्ड, मजुरीच्या चिठ्ठ्या आणि पहिला ऑडिओमेट्री अहवाल कामगाराने स्वतःजवळ जपून ठेवावा. गावी परतताना तो सोबत न्यावा. पहिला अहवाल हाती नसेल, तर नंतरचे नुकसान मागावर झाले हे दाखवायला आधार उरत नाही.