जेल नखरंग : लावण्यापेक्षा काढण्याची चिंता

जेल नखरंग, ज्याला बाजारात सरसकट ‘जेल पॉलिश’ म्हटले जाते, हा अतिनील किरणांच्या लहान दिव्याखाली घट्ट होणारा आणि दोन ते तीन आठवडे नखावर न उडता टिकणारा लेप आहे. महानगरांतील पार्लरांमधून तो आता भैंसा यांसारख्या तालुक्याच्या गावांच्याही आवाक्यात आला आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि तेलंगणातील २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेनंतर निर्मल जिल्ह्यात मोडणारे हे कापसाच्या बाजाराचे गाव मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा बोलते, आणि त्याचे व्यवहार नांदेडशीही आहेत तसेच निजामाबादशीही. प्रसाधनाची नवी वस्तू अशा गावी पोचते तेव्हा बाटली आणि दिवा टपालाने घरपोच येतात, परंतु ती वस्तू हाताळण्याची शिस्त बरोबर येतेच असे नाही. आणि जेल नखरंगाविषयीच्या बहुतेक तक्रारी या उणिवेतूनच उद्भवतात. पुढील विवेचन जेल वापरणाऱ्या स्त्रियांना सामान्यतः ज्या क्रमाने अनुभव येत जातो, त्या क्रमाला धरून केले आहे.

जेल समजून घेण्यासाठी आधी साधे नेलपॉलिश पाहावे; त्याची घडण या परिसराला वाटते तितकी परकी नाही. साध्या नेलपॉलिशचा चकचकीत पापुद्रा ज्या नायट्रोसेल्युलोजचा बनतो, ते सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून मिळणाऱ्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तयार होते. १९२० च्या दशकात मोटारींसाठी जलद सुकणारे जे रंग निघाले, त्यांचेच तंत्र पुढे नखांकडे वळले, आणि त्याच घराण्यातील ड्यूको रंग निर्मलच्या लाकडी खेळण्यांवर व चित्रांवर कारागिरांनी वापरले. असा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने सुकतो, त्यामुळे तो पुन्हा द्रावकात सहज विरघळतो आणि भांडी घासताना चार दिवसांत टवके उडून निघूनही जातो.

जेलचे शास्त्र वेगळे आहे. त्यात अ‍ॅक्रिलेट व मेथाक्रिलेट वर्गातील एकवारिके, म्हणजे एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवू शकणारे लहान रेणू, आणि प्रकाश पडताच ही जोडणी सुरू करून देणारा एक प्रकाशारंभक पदार्थ असतो. दिव्याखाली हात धरला की हे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कठीण जाळे तयार होते, आणि या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्याने थर जाड असला किंवा नख आधीच झिजलेले असले, तर दिव्याखाली बोट चटकन पोळल्यासारखे होते; पुष्कळ मुली ते मुकाट्याने सोसतात, वास्तविक त्या क्षणी हात बाहेर काढणेच योग्य. थर घट्ट झाल्यावरही वरच्या पृष्ठभागावर एक चिकट पापुद्रा राहतो, कारण हवेतील ऑक्सिजन तेथील जोडणी अडवतो. पार्लरवाली स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने तो पुसून टाकते, आणि तोच बोळा नखावरून फिरत फिरत आजूबाजूच्या कातडीवर आला, की न जुळलेली एकवारिके कातडीवर पसरतात. वरवर क्षुल्लक दिसणारी ही हालचाल लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ज्या ॲलर्जीचा विचार करावयाचा आहे तिचे बीज पुष्कळदा येथेच पडते.

या प्रकाराचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. २०१० मध्ये ‘शेलॅक’ या नावाने निघालेल्या उत्पादनाने ही पद्धत जगभर लोकप्रिय केली, आणि त्यामागे केवळ हौस नव्हती. हळद, साखरपुडा, लग्न आणि मांडवपरतणी असा आठवडाभर चालणारा कार्यक्रम असलेल्या घरात नवरीच्या नखांवरचा रंग दिव्याखालून हात बाहेर येताच कोरडा मिळतो, साडीला लागत नाही आणि फोटोत शेवटपर्यंत सारखा दिसतो. ज्यांची नखे टोकाशी फाटतात त्यांना हा कठीण थर काही काळ आधारही देतो, आणि नखे कुरतडण्याची सवय असलेल्यांना दात लावणे अवघड होते. एकेका प्रसंगापुरता, सवयीच्या हाताने लावलेला आणि नीट काढलेला जेल नखरंग निरोगी प्रौढ स्त्रीला बहुधा मानवतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

अडचण तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणून मुळाशी बिनरंगी पट्टी दिसू लागते, टोकाकडची कड उचलली जाते आणि तिच्यात केस अडकू लागतात. नांदेडला किंवा निजामाबादला पुन्हा जाण्याइतका वेळ नसतो, घरात अ‍ॅसिटोन नसते, आणि मग बसल्या बसल्या दुसऱ्या नखाने ती कड उचकटली जाते. संपूर्ण पापुद्रा एका ओढीत निघतो तेव्हा समाधान वाटते, पण त्या पापुद्र्याची आतली बाजू उजेडात धरून पाहिली तर तिच्यावर पांढरट भुकटीसारखा थर दिसतो, आणि तो थर नखाचा असतो. नख हे केराटिन नावाच्या प्रथिनाच्या, एकावर एक रचलेल्या मृत पेशींच्या चकत्यांनी बनलेले असून त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यातील वरच्या चकत्या अशा रीतीने सोलून निघाल्या की उरलेले नख मऊ, खडबडीत आणि पांढऱ्या ठिपक्यांचे होते. या डागांना कॅल्शियमची कमतरता समजून गोळ्या घेण्याचा प्रघात आहे, तो येथे निरुपयोगी ठरतो, कारण दोष शरीराच्या आतला नसून ओरबाडण्याचा असतो. झिजलेले नख दुरुस्त होत नाही, ते केवळ वाढून पुढे सरकते, आणि हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे येण्यास सुमारे सहा महिने लागतात. एवढा धीर क्वचितच धरला जातो. विद्रूप नखे झाकण्यासाठी पुन्हा जेल लावला जातो, तो आधीच पातळ झालेल्या नखावर नीट धरत नाही, लवकर उचलतो, पुन्हा ओढून काढला जातो, आणि हौसेचा प्रकार गरजेचा होऊन बसतो. उचललेल्या कडेखाली पाणी साचून राहिल्यास तेथे जंतू वाढून नखाला हिरवट छटा येते. त्या छटेवर नवा रंग चढवणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय होय.

याहून गंभीर बाब ॲलर्जीची आहे. जेलमध्ये सर्रास आढळणारे हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट, ज्याचे ‘हेमा’ हे संक्षिप्त नाव बाटल्यांवर दिसते, इतक्या लहान रेणूचे आहे की ते कातडीत सहज शिरते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखू लागते. ही ओळख एकदा पटली की बहुधा जन्मभर टिकते. प्रारंभी अनेक महिने काहीही त्रास होत नसल्याने संशय येत नाही. मग बोटांच्या पेरांना खाज, भेगा, नखाखालची कातडी सुटणे, आणि हात वारंवार चेहऱ्याकडे जात असल्याने पापण्यांवर सूज किंवा चट्टे अशी लक्षणे उमटतात, ज्यांचा संबंध नखांशी जोडला जाण्यास उशीर होतो. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता, आणि घरी वापरायच्या संचांचा त्यात विशेष उल्लेख होता. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम करून हेमायुक्त नखप्रसाधने केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरती मर्यादित केली, तर प्रकाशारंभक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘टीपीओ’ या पदार्थावर प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननक्षमतेला बाधक ठरल्याच्या कारणाने १ सप्टेंबर २०२५ पासून तेथील प्रसाधनांत बंदी आली. या ॲलर्जीचे परिणाम नखांपुरते राहत नाहीत, कारण याच वर्गातील पदार्थ दातांत भरण्याच्या मिश्रणात, कवळीत आणि गुडघा बदलताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्ये असतात. पंचविशीत नखरंगाने जडलेली ॲलर्जी साठीतल्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना सांगावी लागते, याची कल्पना बाटली विकत घेताना कोणाला नसते. पार्लरमध्ये दिवसभर हेच काम करणाऱ्या मुलींचा धोका ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि पातळ लॅटेक्स हातमोज्यांतून हे पदार्थ काही मिनिटांत आरपार जात असल्याने त्यांना मोज्यांचे संरक्षणही पुरेसे मिळत नाही.

दिव्याविषयीची भीती मात्र काहीशी अतिरंजित आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस मिनिटांच्या एका प्रकाशसत्रात बशीतील वीस ते तीस टक्के पेशी मेल्या आणि उरलेल्यांच्या जनुकद्रव्यात इजा आढळली. परंतु त्या उघड्या पेशी होत्या, त्यांच्यावर कातडीचे आवरण नव्हते आणि प्रत्यक्ष वापरात दिव्याखालचा वेळ पुष्कळ कमी असतो. कर्करोगाचा धोका नेमका किती, हे त्यातून ठरत नाही. तरीही हाताच्या मागच्या बाजूला सनस्क्रीन लावणे किंवा बोटांची टोके कापलेले मोजे घालणे इतके सोपे आहे की ते टाळण्याचे कारण उरत नाही. एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे : कोडावर सोरॅलेन औषध घेणाऱ्यांनी हा दिवा पूर्ण वर्ज्य मानावा, कारण ते औषध नेमक्या याच किरणांप्रति कातडी संवेदनक्षम करते; डॉक्सिसायक्लीनसारखी प्रतिजैविके चालू असतानाही थांबणे श्रेयस्कर.

भैंसा परिसरातील हातांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ते हात कामाचे आहेत. कापूस वेचताना उकललेल्या बोंडाच्या वाळक्या कवचाची टोके नखाच्या मुळाशी टोचतात, विडी वळताना बोटांच्या टोकांवर सतत भार येतो, आणि भाकरी थापताना पीठ उचललेल्या कडेखाली जाऊन बसते. फिक्या रंगाच्या जेलवर हळदीचा पिवळा डाग चढतो तो घासून निघत नाही. नमाजापूर्वीच्या वजूत पाणी नखाला लागले पाहिजे असे मानणाऱ्या मुस्लिम स्त्रियांना दिवसातून अनेकदा अडथळा ठरणारा आणि मनात येईल तेव्हा न निघणारा लेप सोयीचा नाही. रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी नखांचा खरा रंग पाहावा लागतो व बोटाला लावायच्या ऑक्सिजनमापकाच्या वाचनात गडद रंग अडथळा आणू शकतो, त्यामुळे बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रीने तो लावून न घेणे बरे. या सर्वांच्या तुलनेत आषाढातील गोरिंटाकू (तेलुगूत मेंदी) किंवा नागपंचमीची मेंदी ही जुनी रीत तंत्रदृष्ट्याही सरस ठरते, कारण मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य नखाच्या केराटिनशी जोडले जाते, वर वेगळा थर उरत नाही, काहीही ओढून काढावे लागत नाही आणि रंग नखाबरोबर वाढून निघून जातो. झटपट काळा रंग देणारी तथाकथित काळी मेंदी मात्र यात मोडत नाही. तिच्यातील पॅराफेनिलीनडायअमाइन स्वतःच तीव्र ॲलर्जी घडवते.

ज्यांना तरीही जेल हवा आहे त्यांनी घरी संच मागवण्याऐवजी अनुभवी हाताकडे जावे, आणि तेथे जेल व दिवा एकाच उत्पादकाचे आहेत का हे विचारावे, कारण दिव्याची तरंगलांबी व शक्ती जेलला अनुरूप नसेल तर थर वरून कठीण आणि आतून कच्चा राहतो. बाटलीवर घटकांची यादी, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक किंवा आयात नोंदणी क्रमांक नसेल तर ती परत ठेवावी. लेप कातडीला लागता कामा नये, लागलाच तर दिव्याखाली हात धरण्यापूर्वी पुसून घ्यावा, आणि नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापू देऊ नये, कारण जंतूंना अडवणारी ती एकमेव सील आहे. काढण्याचा दिवस लावण्याच्या दिवशीच ठरवावा. त्या दिवशी वरचा चकचकीत थर कानशीने हलके घासावा, कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवावा, वर अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे थांबावे, आणि फुगून सुटलेला थर लाकडी काडीने सारावा; न सुटल्यास खरवडण्याऐवजी बोळा पुन्हा ठेवावा. अ‍ॅसिटोन अत्यंत ज्वलनशील असल्याने हे काम शेगडी व देव्हाऱ्यातील दिवा यांपासून दूर व्हावे. नंतर नखांना खोबरेल तेल चोळावे आणि झिजलेला भाग वाढून जाईपर्यंत नखे मोकळी ठेवावीत.

बोटांना किंवा पापण्यांना खाज सुटल्यास त्याच दिवशी लेप काढून टाकावा, बाटली फेकून न देता घटकांच्या यादीसह जपून ठेवावी आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. भैंसा येथून नांदेड, निजामाबाद आणि आदिलाबाद या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये गाठता येतात. ॲलर्जीचे निश्चित निदान ज्या पॅच चाचणीने होते तिच्यात संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस ठेवून नंतर पुन्हा तपासणी केली जाते, म्हणून किमान दोन फेऱ्यांची तयारी ठेवूनच निघावे, आणि ती चाचणी तेथे उपलब्ध आहे का हे आधी फोनवर विचारून घ्यावे.