ड्रायर का फिरेना?

पावसाळ्याचे दिवस होते. परभणीत सकाळपासून झड लागली होती. उद्याच्या शाळेसाठी गणवेश वाळवायचा होता. मी धुलाई यंत्राच्या ड्रायरमध्ये कपडे टाकले. पण तो फिरेना. नुसता घूं घूं आवाज येई.

मी झाकण उघडून आत हात घालणार, तोच आपा म्हणाली, "थांब! आधी प्लग काढ."

मी प्लग काढला. आपा म्हणाली, "झाकण नीट लागले नाही, तर मोटारीला वीज मिळत नाही. पण आवाज येतो, म्हणजे वीज पोहोचते. काहीतरी अडकले असेल."

आम्ही कपडे काढले. टबच्या कडेच्या फटीत माझा मोजा अडकला होता! घाईत मी कपड्यांवर प्लॅस्टिकची चकती ठेवलीच नव्हती.

मोजा काढला. कपडे सारखे पसरले, चकती ठेवली, झाकण लावले. ड्रायर भरभर फिरू लागला.

"आपा, मोजा सापडला नसता तर?"

"मिस्त्रीला बोलावले असते. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. त्याला आपण हात लावायचा नाही."

स्वाध्याय

१. आपाने आधी प्लग का काढायला लावला?
२. ड्रायर का फिरत नव्हता?