मोटारसायकलच्या मुठी बदलताना

बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या घाटमार्गावर मोटारसायकलस्वाराची सारी भिस्त हाताच्या पकडीवर असते. हँडलवरील रबरी मूठ झिजून सैल झाली असल्यास ती पावसाळ्यापूर्वी बदलणे इष्ट होय. जुनी मूठ कापून काढावी व नळीवरील गंज आणि चिकटा पुसून घ्यावा. उजवी मूठ रेसच्या फिरत्या नळीवर बसते. म्हणून तिचे छिद्र डावीपेक्षा मोठे असते. मूठ सहज सरकावी यासाठी कित्येकजण तेल किंवा ग्रीस लावतात. ही चाल घातक आहे, कारण तेल वाळत नाही आणि ऐन वळणावर मूठ हातातच फिरते. त्याऐवजी रबराचा गोंद वापरावा. उजवी मूठ बसवताच हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून रेस पिळून सोडावी. ती आपोआप परत आली पाहिजे. अडकल्यास, गोंद ओला असतानाच मूठ किंचित बाहेर ओढावी. गोंद पूर्ण वाळेपर्यंत वाहन चालवू नये.